रिकाम्या खुर्चीचं माप

माझा दादा गवंडी होता आणि फार चांगला गवंडी होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. मला बोलल्याशिवाय राहवत नाही. त्याला सगळे 'ओळंबा' म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी वरून सोडतात ते. दादाला त्याची गरजच पडायची नाही. एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचा आणि सांगायचा, "डावीकडे सुताभर गेलीय." मग कोणीतरी खरा ओळंबा आणून लावायचं, आणि सुताभरच निघायची.

आमचा सगळा भाग उतारावरचा. घरं एकाच्या डोक्यावर एक बसलेली. त्यामुळे माती धरून ठेवणाऱ्या दगडी भिंती लागायच्याच, आणि त्या बांधाव्या दादानंच. भिंत मागच्या मातीवर किंचित रेललेली हवी, तिच्या पाठीशी खडी भरलेली हवी, आणि पाणी जायला मधे मधे भोकं हवीत. ही भोकं ठेवायला जे विसरायचे त्यांच्या भिंती चार-पाच वर्षांत पोट काढायच्या, आणि मग ती माणसं दादाचे पाय धरायला यायची. दादा म्हणायचा, "माती गप्प बसल्यासारखी वाटते गं, पण ती सारखी सरकत असते." शंभर तरी घरांची माती त्यानं जागेवर बसवली असेल.

आणि स्वतःच्या घराची? तिथंच तर सगळं घोडं अडलं होतं.

आमच्या घराला तीन खोल्या. पुढची माझी आणि माझ्या शिलाई मशीनची. नवरा गेल्यावर मी सासरच्या घरात एकटीच बसून होते, तेव्हा दादा आला, दोन बॅगा उचलल्या आणि "चल घरी" एवढंच म्हणाला. पुढच्या खोलीतली खिडकी त्यानं फोडून मोठी केली, मला दोरा ओवायला उजेड हवा म्हणून. असा माणूस. पण त्याच घराच्या मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की घसरगुंडी. चाळीस फूट रुंद परसू, आणि दारापासून तळाच्या लिंबाच्या झाडापर्यंत सात फूट खाली गेलेलं. पायरी म्हणाल तर एक नाही. कपडे धुवायचा दगड वर, दाराशी. वाळत घालायची दोरी खाली, लिंबापाशी, कारण ऊन तिथंच यायचं. म्हणजे माझ्या वहिनीनं रोज ओल्या कपड्यांची बादली घेऊन उतरायचं आणि वाळलेलं गाठोडं घेऊन चढायचं. ते कागदी लिंबाचं झाडही तिनंच लावलेलं, तांब्या-तांब्यानं पाणी घालून वाढवलेलं.

दोघं या घरात राहायला आली त्याच महिन्यात वहिनी म्हणाली होती, "अहो, एवढ्या लोकांच्या पायऱ्या बांधता, मला चार बांधून द्या की."

"उद्या करतो," दादा म्हणाला.

तो आळशी नव्हता. हे मी माझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही. सहा दिवस दगड उचलून आलेल्या माणसाला सातव्या दिवशी दगड बघवत नाही, एवढंच. आणि घरचं काम कुठं पळून जातंय, असंही त्याला वाटायचं. वहिनी हसायची. तिचा स्वभावच चेष्टेखोर. "तुमचं उद्या कधी उजाडणार हो?" असं दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायची, आणि दादा कान पाडून चहा प्यायचा. त्यांच्या पोरीचं लहानपण त्या उतारावर खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसून घसरण्यात गेलं. एकदा तिचा हात मोडला, तेव्हा दादा म्हणाला, "आता करतोच." प्लास्टर निघालं आणि ते 'करतोच'ही निघून गेलं. पोरीचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली. वहिनीचे केस पांढरे झाले. अशी तीस वर्षं.

आणि मग तो मंगळवार. सकाळची वेळ होती. धुण्याचं साबणाचं पाणी नेहमीसारखंच उतारावरून वाहून गेलं होतं. मी मशीनवर होते. मागून बादलीचा आवाज आला, गडगडत गेलेला, आणि नंतर दुसरा आवाज, जो मी सांगणार नाही. मी धावले तर बादली झाडापाशी पोचली होती आणि वहिनी अर्ध्या उतारावर पडलेली. डोळे उघडे. मला म्हणाली, "वन्सं, चादरी परत धुवाव्या लागणार."

दादा तेव्हा कुठं होता? वरच्या आळीत, कुणाच्या तरी परसात पायऱ्या बांधत होता. चौदा पायऱ्या. मी मोजून आले नंतर.

पाठीचा कणा दुखावला होता. कमरेखाली काही राहिलं नाही. तीन महिने हॉस्पिटल, आणि मग चाकाची खुर्ची घेऊन वहिनी घरी आली. पलंग मधल्या खोलीत टाकला होता, मागच्या दारासमोर, हवा येईल म्हणून. वहिनीनं आल्याआल्या सांगितलं, "तोंड इकडं करा," म्हणजे दाराकडे पाठ. मग माझ्याकडून दोन मीटर जाड कापड मागून घेतलं, मांडीवर घेऊन हातानं शिवलं, आणि त्या दाराला पडदा लावायला लावला. तो दिवसभर ओढलेला असायचा.

ती दादाला काहीही बोलली नाही. एक शब्द नाही. जेवलात का, औषध द्या, पंखा बंद करा, एवढंच. तिची चेष्टा बंद झाली. "उद्या" हा शब्दसुद्धा आमच्या घरातून गेला. कोणाला उद्याचं काही सांगायचं असेल तर तो बुधवारी, गुरुवारी असं म्हणायचा. दादा एकदा माझ्या खोलीत येऊन बसला. कापडाच्या कातरणाशी चाळा करत म्हणाला, "तिनं मला तोंडावर शिव्या घालाव्यात गं. निदान एकदा."

"ती घालत नसेल तर मी घालते," मी म्हणाले, आणि घातल्याही. मन भरेपर्यंत बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाला, "तुझ्या चालत नाहीत."

त्यानंतर त्यानं बाहेरचं काम घेणं बंद केलं. सहासष्ट वर्षांचा होता तेव्हा. वहिनीला व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, तिला त्यानं अंगणात गाठून विचारलं की खुर्ची उतरायला उतार केवढा चालतो. ती म्हणाली, "बाराला एक. एक इंच उतरायचं तर बारा इंच लांबी हवी, आजोबा. त्याहून उभा नको." दादानं खडू घेऊन पुढच्या खोलीतल्या माझ्या फरशीवर हिशेब मांडला. सात फूट उतार, म्हणजे चौऱ्याऐंशी फूट रॅम्प. परसू तर चाळीसच फूट रुंद. मग त्यानं आडव्या रेषा काढल्या. एक पट्टा डावीकडून उजवीकडे उतरणार, वळणाला सपाट चौक, मग दुसरा उलट दिशेनं, पुन्हा चौक, मग तिसरा. तीन पट्टे, प्रत्येकी अठ्ठावीस फूट. तळाला झाडाभोवती सपाट अंगण, नातवंडांना वाळूचा हौद आणि बसायला बुटकी भिंत. माझी फरशी खडूनं पांढरी झाली, पण मी काही बोलले नाही, कारण त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी माणसासारखा दिसत होता.

"रुंदी किती ठेवू?" तो म्हणाला. आयुष्यभर वितीनं आणि पावलानं मापं घेतलेला माणूस. पण या कामात त्याचा स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नव्हता. "तुझी टेप आण."

दुपारी वहिनीचा डोळा लागला होता. खुर्ची पलंगाशेजारी उभी होती. आम्ही दोघं, वय वर्षं सहासष्ट आणि एकसष्ट, चोरासारखे चवड्यांवर गेलो आणि मी टेप लावली. या चाकापासून त्या चाकापर्यंत पंचवीस इंच. "तीस ठेवतो," दादा कुजबुजला. "दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मोकळे." मी मान हलवली.

वहिनीला का विचारलं नाही, असं कोणीही म्हणेल. विचारायची हिंमत कोणाची होती? पडद्यापलीकडच्या गोष्टीचा आमच्या घरात उच्चार होत नव्हता.

सात महिने काम चाललं. त्यानं उतार कापला, माती बाजूला रचली, खडी भरली, एकेक दगड हातात फिरवून त्याचं तोंड शोधून बसवला. पाठ धरायची त्याची. मग तो दगडावरच आडवा पडायचा आणि आकाशाकडे बघत राहायचा, आणि दहा मिनिटांनी परत उठायचा. आत वहिनीला छिन्नीचा आवाज दिवसभर ऐकू जात असणार. दहा वाजले की म्हणायची, "वन्सं, त्यांना चहाला बोलवा." बस. रॅम्पच्या दोन्ही बाजूंना त्यानं कठडे घेतले, चांगले कमरेएवढे, दगडाचे, हत्ती टेकला तरी हलणार नाहीत असे. मी म्हणाले, "एवढे कशाला? किल्ला बांधतोयस का?"

"पडली एकदा," तो म्हणाला. "परत नाही पडणार."

काम झालं त्या दिवशी आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. पोरगी रविवारी येणार होती, तिच्यासमोर बघू, असं दादा म्हणाला. पण शनिवारी सकाळी वहिनीनं स्वतःच खुर्ची दाराशी नेली आणि हात लांबवून पडदा सरकवला. सव्वा वर्षानं. बाहेर बघितलं. किती तरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "चला."

दादाचे हात सिमेंटनं फाटलेले, ते त्यानं पँटला पुसले आणि खुर्चीमागे येऊन दांड्या धरल्या.

"सोडा," वहिनी म्हणाली.

"अगं, पहिल्यांदा..."

"सोडा म्हणते ना. मी जाते."

तिनं दोन्ही हात चाकांवर ठेवले आणि ढकललं. उंबऱ्यावरून खुर्ची रॅम्पवर आली. मी मागे होते, धरायला हात पुढे करून, पण खुर्ची अगदी शहाण्यासारखी चालली होती. एक ढकल, दोन ढकली. तिसऱ्या ढकलीला वहिनी "स्स" करून थांबली. तिच्या दोन्ही हातांची बोटं कठड्याला घासली होती. उजव्या हाताच्या पेरांवरची साल निघून रक्त आलं होतं. चाक आणि दगड यांच्यात अडीच इंच जागा, आणि चाक फिरवणाऱ्या मुठीला आणि कोपराला त्याच्या जवळजवळ तिप्पट हवी.

तिनं या कठड्याकडे बघितलं, मग त्या. दादा पुढे सरकला. "मी ढकलतो की. मी आहे ना. मी ढकलायचं धरूनच..."

"तेच," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीस वर्षं मी तुमच्या सवडीची वाट बघितली. आता खाली उतरायचं तेही तुमच्या सवडीनंच का?"

मी मधे घुसले, "वहिनी, माप मी घेतलं, चूक माझी..."

"वन्सं, तुम्ही गप्प बसा."

मी गप्प बसले. आयुष्यात दोन-तीनदाच बसले असेन. दादा कसाबसा म्हणाला, "कठडा पडू नये म्हणून घेतला."

"पडायची होते ती पडले मी. कठडा तेव्हा हवा होता."

हे इतक्या दिवसांनी बाहेर आलं आणि सकाळच्या उन्हात पडून राहिलं. आणि त्यावर आणखी म्हणजे, तीस इंचांत खुर्ची वळवता येत नाही. दादाला ती उलटी ओढत घरात आणावी लागली. वहिनीनं हात मांडीवर ठेवले होते, रक्त साडीला लागत होतं, आणि ती समोर लिंबाकडे बघत मागे मागे येत होती. तो देखावा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी खोलीत जाऊन मशीनवर डोकं टेकलं. चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेते. बाहीचं माप घेताना गिऱ्हाइकाला हात वर करायला लावते, पुढे करायला लावते, कारण हात खाली सोडून घेतलेल्या मापाचा ब्लाउज दुसऱ्या दिवशी बगलेत फाटतो. कालची पोरही शिवण शिकायला आली तर मी तिला पहिल्या दिवशी हेच सांगते. आणि मी बाई, माणूस पलंगावर झोपलेलं असताना रिकाम्या खुर्चीला टेप लावून आले होते. आणि पंचवीस इंच म्हणून छाती फुगवून सांगितलं होतं.

संध्याकाळी दादा वहिनीच्या पलंगापाशी गेला. दार उघडं होतं, मला दिसत होतं. पडदा अजून सकाळसारखाच सरकवलेला होता. तो म्हणाला, "किती हवं?"

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खुर्चीत बसवा मला." त्यानं उचलून बसवलं. तिनं चाकांवर हात ठेवले, ढकलताना होतात तशी कोपरं बाहेर काढली आणि म्हणाली, "इतकं."

मी टेप घेऊन उठणार होते, पण थांबले. दादा गुडघ्यांवर बसला आणि त्यानं वितीनं माप घेतलं. या कोपरापासून, तिच्या पोटावरून, त्या कोपरापर्यंत. एक वीत, दोन, तीन, चार, आणि वर चार बोटं. त्याची करंगळी सुटली की अंगठा तिथंच टेकायचा. वहिनी हलली नाही. मोजून झाल्यावर तो म्हणाला, "हे एकोणचाळीस झाले. मी बेचाळीस ठेवतो."

"कठडा नको," वहिनी म्हणाली. "मला झाड दिसलं पाहिजे."

"कडेला काही तरी हवंच गं."

"चार बोटं. चाक अडेल एवढा काठ. त्याहून जास्त घेतलात तर मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली भिंत फोडायला घेतली. गवंड्याला विचारा हे काय असतं ते. बाहेरच्या तिन्ही भिंती काढून फूटभर पुढे न्यायच्या होत्या. पुढे पाच महिने. पण हे पाच महिने वेगळे होते, कारण आता वहिनी उघड्या दारात खुर्ची आणून बसायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "अहो, तो दगड उलटा बसलाय." "तुला काय कळतं दगडातलं?" "तीस वर्षं एका दगडाशी संसार केला, मला नाही कळणार?" दादा हातोडी टाकून द्यायचा, परत उचलायचा. दोघं एकमेकांवर अशी ओरडायची की शेजारीण चौकशीला आली. मी तिला म्हणाले, "बाई, हे ऐकायला मी नवस बोलायचीच बाकी होते. तू जा." आणि आत येऊन मी पदर डोळ्यांना लावला.

झालं एकदाचं. या वेळी पोरगी आणि तिची मुलं होती. वहिनीनं हुकूम सोडला, "हे दारात उभे राहतील. हात मागे बांधून." दादानं हात पाठीमागे बांधले. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा होता. वहिनी निघाली. पहिला पट्टा, चौक, वळण. हात मोकळे फिरत होते. दुसऱ्या पट्ट्याच्या मधोमध, जिथं ती त्या मंगळवारी पडलेली सापडली होती त्या जागी ती थांबली. मी दादाच्या हातांकडे बघितलं. बोटं बोटांत रुतली होती, पण सोडली नाहीत. ती परत निघाली. तिसरा पट्टा. बारा मिनिटं लागली. झाडाशी पोचल्यावर तिनं बुंध्याला हात लावला, मग तोंड वर करून हाक मारली, "या की आता! का उद्या येताय?"

तो शब्द आमच्या घरात परत आला तो असा. दादा हसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. डोळे पुसत तो खाली निघाला. अंतर वाचवायला मधून उडी मारू शकला असता. नाही मारली. चौऱ्याऐंशी फूट चालत गेला.

झाडाखाली बुटक्या भिंतीवर तो तिच्याशेजारी बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन पोचले तेव्हा त्याचं विचारून झालेलं होतं, "मला माफ केलंस का?"

वहिनीनं थोडा विचार केल्यासारखं केलं. "उद्या सांगते," ती म्हणाली.

पोरगी खो खो हसली. दादासुद्धा. म्हणाला, "घे, घे सूड."

मग तो रोजचा खेळच झाला. संध्याकाळी वहिनी खाली उतरायची, दादा मागून यायचा, हात पाठीशी. बसले की विचारायचा, "मग? केलंस का माफ?" आणि ती, "उद्या." कधी लिंबू निवडता निवडता, कधी नातवंडांच्या अंगावरची वाळू झटकता झटकता. एकदा तो तापात पलंगावर होता तेव्हा तिथूनही विचारलं त्यानं, आणि वहिनी म्हणाली, "बरे व्हा आधी. उद्या." मी माझं मशीन वरच्या चौकात नेलं, तिथं उजेड छान. दोरी दादानं वर दाराशी बांधून दिली, ऊन कमी तर कमी. दोन वर्षं आमचं घर त्या परसात राहिलं, आत आम्ही फक्त झोपायला जायचो. मी सुखात होते. ते तेव्हा बोलून दाखवायला हवं होतं.

मागच्या वर्षी दादा गेला. एका गुरुवारी सकाळी, झोपेतच, कोणाला त्रास न देता. बुधवारी संध्याकाळी झाडाखाली बसले होते दोघं. मी वर चौकात काज करत होते. त्याचा प्रश्न मला ऐकू आला, तिचं उत्तरही ऐकू आलं. नेहमीचंच.

माणसं आली, बसली, गेली. पोरगी आठवडाभर राहिली. वहिनी सगळ्यांशी नीट बोलली, कोणी चहा न घेता गेला नाही ना ते बघत होती. रडली नाही. मागच्या दाराला तिनं परत पडदा मात्र लावला नाही.

पोरगी गेली त्या दुपारी वहिनी एकटीच खाली उतरली. तासभर झाला तरी वर येईना, म्हणून मी गेले. बुटक्या भिंतीवर बसले, दादाची जागा सोडून.

मग ती म्हणाली, "वन्सं, मी त्यांना माफ केलं होतं."

"कधी?"

"त्या संध्याकाळी. माप घेत होते ना वितीनं, तेव्हाच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता या वयात, या वेळी, पण गेली. मी म्हणाले, "मग सांगितलं का नाहीस गं? दोन वर्षं रोज विचारत होता तो! एक शब्द तर होता!"

"रोज विचारत होते म्हणूनच." तिनं साडीच्या काठाची गुंडाळी केली, सोडली, परत केली. "सांगितलं असतं तर विचारायचे थांबले असते. मला आवडायचं त्यांचं विचारणं. वाटायचं, घाई काय आहे, आहे की उद्या."

आणि मग ती रडली. तोंडावर हात न घेता, मोठ्यानं, त्या झाडाखाली. मी तिचा हात धरून बसले. तिच्या उजव्या हाताच्या पेरांवर त्या पहिल्या शनिवारची खूण अजून आहे.

ऊन उतरल्यावर तिनं डोळे पुसले आणि खुर्ची रॅम्पकडे वळवली. मी सवयीनं बाजूला झाले आणि हात मागे घेतले. ती चाकांवर हात ठेवून तशीच थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "आज तुम्ही ढकला."

मी मागून दांड्या धरल्या आणि तिला वर आणलं. तिनं हात मांडीवर ठेवले होते. दोन्ही बाजूंना भरपूर जागा होती.